विहिरीतून अंदमानात : डायव्हिंग ट्रिपच्या तयारीचा अपडेट ३

मंडळी, मागच्या अपडेटनंतर अडीच महिने गायब होतो. कापूस वेचणी चालू होती, त्यात मजूर मिळेना, त्यामुळे ही वही बंदच पडली. आता कापूस घरात आलाय, थोडा विकला पण, आणि तिकिटं काढायची वेळ आलीय, म्हणून जे ठरलं आणि जे फिसकटलं ते एकदाचं लिहून टाकतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात : मी अमळनेर तालुक्यातला, नोकरीला जळगावात, वय ४१. समुद्राशी संबंध शून्य, पण विहिरीत पोहायला पाचव्या वर्षी शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, काकाने सरळ ढकलून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ वीस मिनिटांची ट्रायल डाइव केली, इन्स्ट्रक्टरने मागून पकडलेलं, मी नुसता लटकलेलो, तरी वर आल्यापासून डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आता भाचा (वय १९) आणि मी असे दोघं ओपन वॉटर कोर्स (स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन डाइव करायचा पहिला कोर्स) करायला अंदमानला जातोय, हॅवलॉक आणि नील या शेजारशेजारच्या दोन बेटांवर. २०१८ मध्ये त्यांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, पण डायव्हिंगवाल्यांच्या तोंडी अजून जुनीच आहेत तर मी पण तीच लिहितो. लक्षद्वीपचाही विचार केला होता, पण तिथं परमिट काढावं लागतं, आणि आम्हाला सुट्टीची तारीखच कापसावर अवलंबून, मग कोण त्या भानगडीत पडतो.

आता प्लॅन. इथे मी आधी एक मोठी चूक केली होती. एका एजंटने पॅकेज पाठवलं, सगळं छान, फोटो भारी, आणि शेवटच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत डाइव, साडेतीनची बोट, दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं विमान. मी ॲडव्हान्स टाकायलाच निघालो होतो. भाच्याने बोटांवर तास मोजले, १७ भरले. लागोपाठ काही दिवस डाइव केल्यावर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्या असं डॅनवाले (डायव्हरांच्या सुरक्षेचं काम करणारी संस्था) सांगतात, एकच डाइव असेल तर १२. खाली दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो, आणि विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी, म्हणजे सोड्याची बाटली पटकन उघडल्यासारखं, बुडबुडे व्हायचा धोका. एजंटला विचारलं तर म्हणे, 'सर, सगळे असंच जातात.' ॲडव्हान्स टाकला नाही.

मग प्लॅन उलटा आखला, परतीच्या विमानापासून मागे मागे. दहाव्या दिवशी सकाळी विमान, नववा दिवस पूर्ण कोरडा, आठव्या दिवशी अकराच्या आत शेवटची डाइव. कोरडा दिवस वाया नाही, नीलहून बोटीने पोर्ट ब्लेअरला यायचं (आता श्री विजयपुरम, पण पुन्हा तेच) आणि सेल्युलर जेल बघायचं. शिवाय हवा बिघडून बोट रद्द झालीच तर तोच दिवस हाताशी. जाताना भुसावळहून गीतांजली पकडून कोलकाता, तिथून विमान. रेल्वेत एक अख्खा दिवस जातो पण थिअरी वाचायला त्याच्यासारखी जागा नाही, बर्थवर पडून कोण हलवतंय.

मार्च ठरवला. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र सगळ्यात शांत, मे मध्यापासून पाऊस. आणि मार्चमधले दिवस निवडताना आमच्या मायच्या कॅलेंडरची मदत झाली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक जास्त, करंट जोरात, गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक कमी, पाणी निवांत. हे कोकणातल्या माणसाला जन्मतः माहीत असतं, मला ४१ व्या वर्षी कळलं. मग कोर्सचे चार दिवस अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे बसवले. माय खुश, तिला वाटलं पोरगं मुहूर्त बघून चाललंय.

डाइव साइट्सची यादी भाच्याने केलीय, त्यात निम्म्या मी कापल्या. हॅवलॉकला सुरुवात नेमो रीफला, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, उथळ. मग लाइटहाउस, अ‍ॅक्वेरियम. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ही त्याची स्वप्नं, पण त्या खोल जागा आहेत आणि ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर, ३० मीटरपर्यंत जायला ॲडव्हान्स्ड लागतं. तो तोंड पाडून बसला. नीलला दोन साइट्सची नावं ऐका : बस स्टॉप आणि जंक्शन. भुसावळवाल्यांनो, आपलं नाव पाण्याखाली पण पोचलंय भो. जंक्शनला करंट असतो म्हणतात, तेव्हा तिथलं तिथल्या इन्स्ट्रक्टरने ठरवायचं, आमचा नंबर बहुतेक बस स्टॉपलाच लागणार.

हवेचा हिशोब वहीत मांडला, कारण मला आकडे दिसल्याशिवाय विश्वास बसत नाही. सिलिंडर साधारण ११ लिटरचा, २०० बार (हे दाबाचं माप) भरलेला. ५० बार राखून ठेवायचे, म्हणजे वापरायला १५० गुणिले ११, १६५० लिटर. वर मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरलं (मी घाबरलो की जास्तच लागणार) तर १० मीटरवर दाब दुप्पट, ४० लिटर, साधारण ४१ मिनिटं. १८ मीटरवर २.८ पट, ५६ लिटर, जेमतेम २९ मिनिटं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी खोल जायच्या मागे लागू नये, उथळ पाण्यात जास्त वेळ मिळतो आणि रंगही जास्त दिसतात, लाल रंग तर थोडं खाली गेलं की मातकटच होतो.

आता मिशीचं प्रकरण. स्वतःचा मास्क घेतला, उणे तीन नंबरच्या काचा बसवून, कारण चष्म्याशिवाय मला मासा काय, होडी पण दिसणार नाही. स्विमिंग पुलावर घातला तर मिनिटात नाकापर्यंत पाणी. मास्क बदलून आणायला निघालो होतो, पुलावरचा एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, काका, मिशीमुळे सील बसत नाहीये. घरी येऊन सहज बोललो की मिशी काढून टाकतो, तर मायने हातातली भाकर तव्यावर तशीच सोडली. आमच्याकडे बाप गेल्यावर मिशी उतरवतात, वडील समोर खाटेवर चहा पीत बसलेले. तिची काही चूक नाही, बोलायच्या आधी मीच विचार करायला हवा होता. शेवटी तोडगा असा निघाला की नाकाच्या बरोबर खाली बोटभर पट्टी बारीक करायची, बाकी मिशी जशीच्या तशी. दिसते विचित्र, पण पाणी थांबलं.

मेडिकल फॉर्ममध्ये कानाच्या प्रश्नाला 'हो' लिहावं लागलं (लहानपणी कान वाहायचा), म्हणून डॉक्टरची सही आवश्यक. कानाच्या डॉक्टरांनी असा फॉर्म आधी बघितला नव्हता, पण नाक दाबून फुंकर मारायला लावली, पडदा हलताना बघितला आणि मग सही केली. खोटं 'नाही' लिहून मोकळं व्हा असं दोघा-तिघांनी सांगितलं होतं. नका करू.

तर सगळ्यात अवघड काय जातंय? मला वाटलं होतं आपण विहिरीतले पोहणारे, आपल्याला काय. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं ही कोर्सची अट मी हसत पूर्ण करतो. पण विहिरीत आमची पैज काय असायची, तर तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं, पंचवीस-तीस फूट, श्वास गच्च धरून. दहा मीटरवर छातीतली हवा दबून निम्मी होते, वर येताना परत होती तेवढी, त्यात फुप्फुसाला काही होत नाही. स्कुबात उलटं. खाली सिलिंडरमधून छाती भरून हवा घेतली आणि दहा मीटरवरून श्वास धरून वर आलो, तर तीच हवा दुप्पट व्हायला बघणार, आणि फुप्फुस काही फुगा नाही. म्हणून पहिला नियम, श्वास कधीच धरायचा नाही. आणि माझ्या अंगात छत्तीस वर्षं तीच एक सवय मुरलेली. मालवणचा व्हिडिओ परत बघितला तर मी दर दोन मिनिटांनी श्वास धरतोय, बुडबुडे बंद, इन्स्ट्रक्टर खांद्यावर टपली मारतोय, आणि मला तेव्हा वाटत होतं तो शाबासकी देतोय!

मग मी पुलावर एक सराव सुरू केला. नळी तोंडातून निघाली तर 'आऽऽऽ' म्हणत बारीक बुडबुडे सोडत राहायचं, तेच करत वर यायचं. पूल पंधरा दिवस दुरुस्तीला बंद झाला तेव्हा शेतातल्या विहिरीत केलं, भाच्याला काठावर दोर घेऊन उभं केलं (एकट्याने कुणी असले प्रयोग करू नका). विहिरीच्या भिंतींमुळे आवाज असला घुमतो की विचारू नका. मी पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हाही 'आऽऽऽ' चालूच, तर सालदार कपाशीतून पळत आला, वर वाकून बघतो, 'काय व्हयनं भाऊ?' भाचा हसून हसून दोर सोडून बसला.

मायला पण तिथूनच कळलं की मी विहिरीत काय करतोय. 'पैसा दिसन बुडाले कसाले जाई राहिना रे?' (पैसे देऊन बुडायला कशाला चाललास?) तिला अजून उत्तर देता आलेलं नाही.

या रविवारी परत विहीर, दहा वेळा वर यायचं आणि एकदाही श्वास धरायचा नाही. काल सातव्यांदा धरला गेला. बोटीची तिकिटं काढली की पुढचा अपडेट टाकतो, आणि नीलला मार्चमध्ये कुणी जाऊन आलं असेल तर तिथं सकाळी पहिली डाइव किती वाजता सुटते तेवढं सांगा, आठव्या दिवसाचं गणित त्यावर अडलंय.