मेल घरची, मग वाट दुसऱ्याची का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रतापनगरच्या घरात मी स्वतःचा मेल सर्व्हर ठेवलाय, येणारी मेल थेट त्यावर उतरते. मग जाणारी मेल दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत कशाला, असं तुमच्यासारखंच धरमपेठेतले मित्रही भेटले की हमखास विचारतात.

पहिल्या उन्हाळ्यात मीही थेटच पाठवत होतो. पुण्याच्या बहिणीला आईचे रिपोर्ट पाठवले, ते पोचलेच नाहीत. कूलरसमोर बसून जाणाऱ्या मेलची रांग उघडली तर अकरा मेल अडकलेल्या आणि प्रत्येकीखाली एकच शेरा: कनेक्शन टाइम्ड आउट, म्हणजे समोरून उत्तरच नाही. सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो पोर्ट २५ घरगुती जोडणीवर बाहेर जाण्यासाठी बंद होता. स्पॅम रोखायला बऱ्याच कंपन्या तो बंद ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. उघडा असता तरी घरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बदलता, आणि त्या पत्त्यावरून आपलं नाव सांगणारी रिव्हर्स नोंद नाही. अशा पत्त्यावर समोरचे सर्व्हर सहसा विश्वास ठेवत नाहीत. पोस्टफिक्स, म्हणजे माझ्या सर्व्हरवरचा मेल पाठवणारा प्रोग्रॅम, अडकलेली मेल साधारण ५ दिवस धरून ठेवतो, तोवर आपण समजतो की गेली.

म्हणून रिले, म्हणजे आपली मेल पुढे पोचवणारा दुसऱ्याचा सर्व्हर. पोस्टफिक्सच्या ‘रिलेहोस्ट’ या सेटिंगमध्ये त्या सर्व्हरचं नाव चौकटी कंसात आणि पुढे पोर्ट ५८७. कंस नसले तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद (त्या नावाची मेल कुठे उतरते ते सांगणारी) शोधायला जातो. पासवर्डच्या फाइलमध्येही नाव हुबेहूब तसंच हवं, कंसासकट, नाहीतर पासवर्ड सापडतच नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. ती फाइल फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याला, वाचता यावी. डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतो याची यादी) रिलेचं नाव घाला.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती टीएलएसची, म्हणजे वाटेत मेलला कुलूप लावण्याची, ओळ. पुष्कळ जण तिथे ‘मे’ लिहून मोकळे होतात. ‘मे’ म्हणजे जमलं तर कुलूप, नाहीतर उघडंच. वाटेत कुणी स्टार्टटीएलएसची, म्हणजे हे कुलूप सुरू करण्याची, सोय गाळली, तर आईचे रिपोर्ट उघड्यावर, आणि साध्या लॉगिनला मुभा दिलेली असेल तर पासवर्डही. ‘एन्क्रिप्ट’ असेल तर कुलपाशिवाय मेल निघतच नाही. पण समोरचा तोच आहे का, हे ‘एन्क्रिप्ट’ बघत नाही. प्रमाणपत्रावरचं नाव ताडून पाहतो तो ‘सिक्युअर’. मी तोच ठेवलाय.

आणि हो, टीएलएस वाटेपुरतं. रिलेवाल्याला मेल वाचता येतेच. म्हणून आईचे रिपोर्ट आता जीपीजी या प्रोग्रॅमने बंद करून जातात, ते फक्त बहिणीच्या किल्लीने उघडतात. त्या किल्लीचा ठसा (ती ओळखायची अक्षरं), बहीण दिवाळीत घरी आली तेव्हा, आम्ही समोरासमोर बसून अक्षर न् अक्षर वाचून जुळवला.