सेटिंग्ज जोडायला लोडॅशचं कोणतं फंक्शन घ्यावं? माझा अनुभव

काम दिसायला साधं होतं. अ‍ॅपची मूळ सेटिंग्ज एका ऑब्जेक्टमध्ये, वापरकर्त्याने बदललेली दुसऱ्यात, आणि दोन्ही मिळून तिसरं ऑब्जेक्ट हवं. लोडॅश या जावास्क्रिप्टच्या तयार फंक्शन्सच्या संग्रहात यासाठी असाइन, डिफॉल्ट्स, डिफॉल्ट्सडीप, मर्ज आणि मर्जविथ अशी निदान पाच फंक्शन्स आहेत, आणि नुसत्या नावांवरून फरक कळत नाही. म्हणून एकच छोटा नमुना घेतला आणि तो ओळीने सगळ्यांतून काढला. मूळ सेटिंग्जमध्ये स्तंभांची यादी होती: नाव, गाव, फोन. सूचनांमध्ये ईमेल चालू आणि एसएमएस बंद. रंग निळा. वापरकर्त्याने स्तंभांत फक्त फोन ठेवला, एसएमएस चालू केला आणि रंगाच्या जागी नल, म्हणजे ‘इथे मूल्य नाही’ असं लिहिलेलं, आलं.

असाइन वरच्याच पातळीवर काम करतं. सूचनांचं अख्खं ऑब्जेक्ट बदललं जातं, त्यामुळे ईमेलची सेटिंग गायब. जावास्क्रिप्टचाच तीन टिंबांचा स्प्रेड वापरला तरी इथे हेच होतं. सेटिंग्ज एकाच पातळीची असतील तर मात्र स्प्रेड पुरतो, लोडॅश आणायची गरजच नाही.

डिफॉल्ट्समध्ये क्रम उलटा: आधी वापरकर्त्याचं ऑब्जेक्ट, मग मूळ. जिथे अनडिफाइन्ड (मूल्य दिलेलंच नाही) असेल तेवढीच जागा ते भरतं, तेही वरवरच. डिफॉल्ट्सडीप आत उतरतं, पण ते याद्यांच्याही आत उतरतं. शिवाय २०१९ साली त्यात प्रोटोटाइप पोल्यूशनची त्रुटी (बाहेरचा डेटा सगळ्या ऑब्जेक्ट्सचा सामायिक पायाच बदलू शकतो अशी) सापडली होती. ती ४.१७.१२ मध्ये दुरुस्त झाली, तेव्हा जुन्या प्रोजेक्टमध्ये हात घालण्याआधी लॉक फाइलमधली (जिथे पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या नोंदलेल्या असतात) आवृत्ती बघा.

बहुतेकजण शेवटी मर्जवर येतात आणि खरी मेख तिथेच आहे. सूचना बरोबर जुळल्या, ईमेल आणि एसएमएस दोन्ही चालू. पण स्तंभांची यादी आली ती अशी: फोन, गाव, फोन. मर्ज यादीला यादी म्हणून बदलत नाही, क्रमांकानुसार जोडतं. शून्याव्या जागी नवं मूल्य, बाकीच्या जागी जुनंच. याहून वाईट प्रकार रिकाम्या यादीचा. वापरकर्त्याने सगळे स्तंभ काढून टाकले की जोडायला एकही क्रमांक उरत नाही आणि मूळचे तिन्ही स्तंभ परत हजर. ना एरर, ना इशारा. तक्रार येते ती ‘सेव्ह होत नाही’ अशी, आणि आपण डेटाबेस तपासत बसतो.

यावर उपाय मर्जविथ. त्याला शेवटी एक फंक्शन द्यायचं, ज्यात जुनं आणि नवं मूल्य मिळतं. नवं मूल्य अ‍ॅरे, म्हणजे यादी, असेल तर त्याची स्लाइसने केलेली प्रत परत द्यायची, नाहीतर काहीच परत द्यायचं नाही. अनडिफाइन्ड परत गेलं की मर्जविथ त्या जागी नेहमीचं मर्ज करतं. स्लाइस न करता तोच अ‍ॅरे दिला तर निकाल आणि वापरकर्त्याचं ऑब्जेक्ट एकाच यादीकडे बोट दाखवतात. यादीत ऑब्जेक्ट्स असतील तर स्लाइसऐवजी क्लोनडीप, जे आतल्या ऑब्जेक्ट्सचीही प्रत काढतं.

मर्जविथला पहिला आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेलं मूल्य) नेहमी रिकामं ऑब्जेक्ट ठेवतो, मग मूळ, मग वापरकर्त्याचं. ही पाचही फंक्शन्स पहिलाच आर्ग्युमेंट बदलतात. तिथे थेट मूळ सेटिंग्ज दिली तर सर्व्हरवर एकाची निवड पुढच्या रिक्वेस्टमध्ये दुसऱ्याला दिसू शकते. लोकल मशीनवर एकटेच चाचणी करत असताना हे कधीच लक्षात येत नाही.

राहिला रंगाचा नल. मर्ज अनडिफाइन्ड वगळतं, नल मात्र लिहून टाकतं. मग वाचताना लोडॅशच्या गेट फंक्शनला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून निळा दिला तरी उपयोग नाही, कारण गेट तो फक्त अनडिफाइन्डसाठी वापरतं. जावास्क्रिप्टचा दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर मात्र नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही पकडतो. नल म्हणजे ‘मूळचंच चालेल’ की ‘रंगच नको’ हे टीमने आधी ठरवावं. ते काम कुठल्याच फंक्शनचं नाही.

चाचणीत मी पाच इनपुट ठेवले: रिकामी यादी, मूळपेक्षा छोटी यादी, नल, अनडिफाइन्ड आणि आतलं अर्धवट ऑब्जेक्ट. सहावी तपासणी म्हणजे जोडणीनंतर मूळ सेटिंग्ज आधी घेतलेल्या प्रतीसारखीच आहेत ना, हे लोडॅशच्या इजइक्वलने पाहणं.

इम्पोर्ट करताना पूर्ण लोडॅश आणू नका. ते जीझिपने दाबून लहान करूनही सुमारे २४ केबी भरतं. ‘लोडॅश स्लॅश मर्जविथ’ एवढंच मागवलं की भागतं.