काकांच्या जावामागे, पुणे ते म्हैसूर

काकांची जावा मोटारसायकल १९६८ ची. आजोबांनी घेतलेली, मधली बरीच वर्षं पडवीत ताडपत्रीखाली झोपलेली. तिला तिच्या जन्मगावी, म्हैसूरला, स्वतःच्या चाकांवर न्यायचं हे काकांनी साठी उलटल्यावर ठरवलं. अट एकच, वाटेत टेम्पोत चढवायची नाही. मी मागून कार आणायची, शेजारी काकू, डिकीत सुटे भाग. मुक्काम बेळगाव आणि चित्रदुर्गला, तिसऱ्या दिवशी म्हैसूर. एकूण साधारण ९०० किलोमीटर, डिसेंबरात.

पहिल्या सकाळी मी कार जावाच्या मागे चिकटवून, चारही ब्लिंकर लावून चालवत होतो. जावा पंचावन्नच्या वर जात नव्हती. खंबाटकीच्या चढाला मागचा ट्रक एवढा जवळ आला की आरशात नुसती त्याची जाळी दिसत होती. घाट उतरल्यावर काकांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "अरे, मी काय वरातीतला नवरदेव आहे का?"

मग पुढे जाऊन थांबायचं ठरवलं. तेही चुकीचंच. चौपदरी रस्त्यावर मागे राहिलेल्या माणसाकडे परत जायचं म्हणजे पुढचा अंडरपास शोधायचा, उलट्या बाजूने मागे जायचं आणि पुन्हा वळून यायचं. अर्धा तास सहज जातो. कराडच्या पुढे एकदा केलं तेवढं पुरे. शेवटी जमलं ते असं: जावा सुटल्यावर वीस मिनिटांनी आपण निघायचं. ती वाटेत कुठेही बंद पडली तरी आपण आपसूक तिथे पोचतो. दर चाळीस किलोमीटरला काका थांबणार, आम्ही गाठणार, पाणी, दहा मिनिटं, पुन्हा तेच. शहर आलं की बायपासने जायचं की आतून, हे मात्र सकाळीच पक्कं करा. धारवाडला आम्ही बायपासला लागलो आणि काका पेढे घ्यायला गावात शिरले. काकू दोन तास बोलल्या नाहीत, पेढे आल्यावरही नाही.

आता माझी चूक. जावा टू-स्ट्रोक, इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधून. काका लिटरला ४० मिली घालतात आणि ते घालायचं काम माझ्याकडे होतं. कर्नाटकात पेट्रोल स्वस्त म्हणून कागल ओलांडून पंपावर थांबलो. काका चहाला गेले, मी फास्टॅगच्या रिचार्जमध्ये गुंतलो, पंपावरच्या पोराने सहा लिटर भरून झाकणही लावलं. मला वाटलं ऑइल काकांनी घातलं, काकांना वाटलं मी. टाकीत आधीचं थोडं मिक्स होतं म्हणून सपाटीवर काही कळलं नाही. निपाणी सोडून तवंदीच्या घाटात चढ लागला तसा आवाज घोगरा झाला, कोणी मागून ओढून धरावं तशी गाडी जड झाली आणि पिस्टन धरला, म्हणजे तापून सिलिंडरमध्येच अडकला. काकांचा हात आधीच क्लचवर होता म्हणून मागचं चाक अडकलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा ते कठड्यावर बसून हेल्मेट पुसत होते. मला काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

अशा वेळी इंजिनावर पाणी ओतू नका आणि लगेच किकही मारू नका. पाऊण तास थांबलो. टाकीतल्या पेट्रोलाच्या हिशेबाने ऑइल ओतून गाडी गदागदा हलवली. जावाचा गिअरचा दांडाच आत दाबून मागे फिरवला की किक होतो. काकांनी त्यावर हाताने हळूच भार दिला तेव्हा पिस्टन सुटला. प्लग काढला तर टोक पांढरं पडलेलं. चॉकलेटी हवं, काळं ओलं असेल तर ऑइल जास्त, पांढरं म्हणजे इंजिन तापतंय.

त्या रात्री बेळगावला काकूंनी औषधाच्या दुकानातून २०० मिलीच्या सहा बाटल्या आणल्या आणि ऑइल मोजून भरलं. पेट्रोल नेहमी पाचच लिटर घ्यायचं, त्याला एक बाटली. रिकामी बाटली काकांच्या जॅकेटच्या खिशात गेल्याशिवाय पंपवाल्याला नळी उचलू द्यायची नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच करा.

सुट्या भागांत कंडेन्सर (प्लगला ठिणगी देणाऱ्या पॉइंटना जपणारा छोटा भाग) दोन घ्या. आमचा हावेरीजवळ गेला, गरम झाला की गाडी ठसकायची, पॉइंटवर निळी ठिणगी नाचायची. क्लच आणि एक्सलेटरच्या जादा केबल चालू केबलला समांतर आधीच टाकून ठेवा. सहा व्होल्टचे बल्ब आणि सोळा इंची ट्यूब वाटेत मिळेल या भरवशावर निघू नका. फिलर गेज (पॉइंटची फट मोजायच्या पट्ट्या), पॉलिश पेपर, बाइंडिंग वायर लागतेच. हेडलाइट काजव्याएवढा, त्यामुळे पाचला मुक्कामी. चित्रदुर्गला पवनचक्क्या उगाच नाहीत, समोरचा वारा सुरू झाला की तिसऱ्या गिअरची तयारी ठेवा. हिरियूरला हायवे सोडून हुळियार, नागमंगलावरून जा. रस्ता शांत, जावाच्या चालीचा.

आणि हो, गाडीला 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज नंबर घेतला असेल तर आधी नियम वाचा, रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. आमचा जुनाच नंबर चालू आहे.

म्हैसूरला यादवगिरीत पोचलो तेव्हा चार वाजले होते. इथला जावाचा कारखाना १९९६ मध्येच बंद झाला, तेव्हा फार काही बघायला मिळेल अशी आशा ठेवू नका. काका रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून नुसते उभे राहिले.

परतीला अट नव्हती, जावा रेल्वे पार्सलने पाठवली. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. काढलेलं मिक्स पेट्रोल कारमध्ये घालता येत नाही. कॅन घेऊन मी स्टेशनबाहेर उभा असताना एक येझ्दीवाला भेटला, म्हणजे जावाच्याच कारखान्यातली टू-स्ट्रोक, त्यालाच देऊ केलं. त्याने कॅन नाकाशी नेला आणि विचारलं, "ऑइल एष्टु?"

मी चार बोटं वर केली. मागून काकू म्हणाल्या, "त्याला नीट सांग, चाळीस."