बेत काय आहे?

रविवार, रात्र

चुलतभावाच्या मुलाची मुंज आहे. आज केटररचा कागद आला. वर ठळक अक्षरांत 'मेनू', खाली सव्वीस पदार्थ. आत्याला एकेक वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते झालं गं. पण बेत काय आहे?"

मला सांगता येईना. गुलाबजाम होते, बासुंदी होती, आइस्क्रीम होतं. बेत नव्हता.

'जिलेबीचा बेत' म्हटलं की मठ्ठा नि मसालेभात वेगळा सांगावा लागत नाही. पुरणपोळी म्हटली की कटाची आमटी आलीच. एका पदार्थाचं नाव घ्यायचं, की डावीकडच्या मीठ-लिंबापासून अख्खं पान डोळ्यांपुढे येतं. इंग्रजीत पूर्वी मेनूला 'बिल ऑफ फेअर' म्हणत. हेन्री फील्डिंगच्या 'टॉम जोन्स'मध्ये, १७४९ साली, पहिल्याच प्रकरणाच्या मथळ्यात तो शब्द आहे. फेअर म्हणजे खाणंपिणं, बिल म्हणजे यादी. मेनू फ्रेंचांचा, मूळ लॅटिन, अर्थ 'बारीक', म्हणून बारीकसारीक तपशील. दोन्ही शेवटी याद्याच. बेत वाचायचा नसतो, करायचा असतो, आणि तो आदल्या दिवशीच सुरू होतो.

आत्याच्या लग्नात श्रीखंडाचा बेत होता. आदल्या रात्री माजघरात पंचांत बांधलेलं दही टांगलं होतं, खाली पातेली. "ती टपटप ऐकतच झोपले मी," आत्या म्हणाली. पहाटे जाग आली तेव्हा टपटप थांबली होती, आणि काकू चक्क्यात बरोबरीने साखर कालवून पुरणयंत्रातून काढत होत्या. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, पण सांगताना तिचा हात पुरणयंत्राचा दांडा फिरवावा तसा फिरत होता.

शिंपी कापड बेततो, तसा पूर्वी घरातल्या बायका शिधा बेतायच्या. आमटीला तिखट बेताचं, गूळ बेताचा. ठरवणं आणि मापात बसवणं, दोन्ही या एवढ्याशा शब्दात आहे. मीही हल्ली 'आज काय मेनू?' असंच विचारते. आता नाही विचारणार.

रात्री भावाला फोन केला. म्हटलं, आत्या बेत विचारतेय. तो जरा थांबला, मग म्हणाला, "श्रीखंड करू या."

आत्याला सांगितलं. ती उठून बसली.

"पानं किती होतील?"