त्या नावाला तो ओ देईना

दोन्ही मुलं आमच्याच पंचक्रोशीतली, म्हणून त्यांची नावं इथे लिहीत नाही. खरं तर हा सगळा प्रकार नावाचाच आहे, तरीही.

एसटीत वाहक म्हणून मला १९ वर्षं झाली. जूनमध्ये ड्युट्या बदलल्या आणि आचऱ्याच्या बाजूने देवगडला येणारी वस्तीची गाडी मला लागली. रात्री गावात मुक्काम आणि सकाळी साडेसहाला पहिली फेरी. रूट नवीन असला की पहिला महिना चेहरे ओळखण्यात जातो. कोण कुठे चढतं, कोणाला कुठे उतरायचं असतं, कोणाचा पास आणि कोणाचं तिकीट, हे हळूहळू अंगवळणी पडतं. माझं अजून ते पडायचं होतं.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. मुणग्यापासून मिठबावपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना लावणी चाललेली, बायका इरली घेऊन वाफ्यात वाकलेल्या. गाडीच्या काचा बंद, आत नुसती वाफ. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत असते, त्यामुळे ताजी मासळी नव्हती, पण सुकं विकायला निघालेल्या चार-पाच बायका पाट्या घेऊन मागे बसल्या होत्या. शाळा-कॉलेजची पोरं दारापासून मधल्या खांबापर्यंत उभी होती.

मिठबावच्या अलीकडे एका फाट्यावर दोघं-तिघं चढले. त्यातल्या एकाने रेनकोटची टोपी तशीच ठेवून पास पुढे केला. प्लास्टिकच्या पाकिटात एका बाजूला पास, दुसऱ्या बाजूला कॉलेजचं ओळखपत्र. पाकिटाच्या आत पाणी गेलेलं, फोटो पुसट, त्यावर त्याचा अंगठा. मी तारीख पाहिली, मुदत संपलेली नव्हती. मान हलवली आणि पुढच्याकडे वळलो. चेहरा पाहिला नाही. टोपी काढ म्हणायला दोन सेकंद लागले असते. ती दोन सेकंदं मी वाचवली.

काटवण सोडलं आणि पाचेक मिनिटांत मागून ओरडा आला, "मास्तरानू, पोरगो पडलो!"

मी गर्दीतून मागे गेलो. तो मुलगा दोन सीटांच्या मधल्या जागेत पडला होता. हातपाय झटके देत होते, डोळे वर गेलेले, तोंडाला फेस. बेल दिली नाही, ड्रायव्हरला सरळ हाक मारली. त्याने गाडी बाजूला घेतली. कोणी म्हणालं चप्पल हुंगवा, कोणी पाटीत कांदा शोधायला लागलं, एकाने दातात घालायला चावी पुढे केली. बिल्ला काढताना प्रथमोपचाराचं शिकलो होतो, त्यातलं नेमकं हे डोक्यात राहिलं होतं: तोंडात काही घालायचं नाही, धरून दाबायचं नाही, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं. एका शिक्षिकेने आपली शाल काढून दिली. दीड-दोन मिनिटांत झटके थांबले. पडताना सीटच्या लोखंडी कडेवर आपटून भुवईच्या वर खोक पडली होती, रक्त येत होतं. मी रुमाल दाबून धरला.

ड्रायव्हरने कोणाला न विचारता गाडी थेट देवगडला रुग्णालयाकडे घेतली. मधले थांबे घेतले नाहीत. एकाही उतारूने तक्रार केली नाही. ज्यांना कुणकेश्वरला उतरायचं होतं तेही गप्प बसून राहिले.

मी त्याच्या खिशातून ते पाकीट काढलं. ओळखपत्रावर नाव, वर्ग बारावी, रक्तगट बी पॉझिटिव्ह, मागे पालकांचा मोबाइल नंबर. त्याचा स्वतःचा फोन लॉक होता. मी नावाने हाका मारायला लागलो. कानाजवळ तोंड नेऊन, मोठ्याने, हळू, पुन्हा मोठ्याने. डोळे अर्धवट उघडे, श्वास चाललेला, पण हाकेला ओ नाही. मला वाटलं, मुलगा शुद्धीवर येत नाही.

तेवढ्यात सुकं विकणाऱ्यांतली एक म्हातारी पुढे वाकून म्हणाली, "मास्तर, ह्यो त्या वाडीतलो दिसना नाय माका."

मी तिला म्हटलं, "काकी, कार्डावर लिहिलंय ना सगळं."

ती मागे सरकली. हे वाक्य मला आजही आठवतं, तिचं नव्हे, माझं.

मग मी त्या नंबरावर फोन लावला. एका बाईने उचलला. शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की तुमच्या मुलाला गाडीत फिट आली, थोडं लागलंय, आम्ही देवगडला रुग्णालयात नेतोय. पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग भांडं पडल्यासारखं काहीतरी वाजलं.

रुग्णालयात डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी खोक पाहिली, नाडी, साखर तपासली. रक्तगटाचं कार्ड मी दाखवायला गेलो तर म्हणाल्या, कार्डावरचं आम्ही धरत नाही, लागलंच तर इथे तपासतो. तेवढं बरं. पण दुसरी गोष्ट तपासून कळणारी नव्हती. त्यांनी माझ्याच फोनवरून त्या आईला विचारलं, आधी कधी अशी फिट आली होती का, कसलं औषध चालू आहे का. आई म्हणाली, नाही, कधीच नाही, माझा मुलगा धडधाकट आहे. डॉक्टरही मुलाला त्याच नावाने हाक मारत होत्या. तो बघायचा, पण बोलायचा नाही. कागदावर त्यांनी लिहिलं: नावाला प्रतिसाद नाही. पहिलीच फिट, डोक्याला मार आणि नावाला प्रतिसाद नाही, असं एकत्र आल्यावर त्यांनी योग्य तेच ठरवलं. ओरोसला जिल्हा रुग्णालयात पाठवायचं, तिथून गरज पडली तर गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात. १०८ ला फोन गेला.

गाडी पुढे स्थानकात नेऊन ड्रायव्हरने कंट्रोलला सगळं सांगितलं. माझी पुढची फेरी दुसऱ्या वाहकाला दिली आणि मला नातेवाईक येईपर्यंत थांबायला सांगितलं.

पाऊण तासाने रिक्षा आली. आई-वडील दोघंही भिजलेले. आई चप्पल न घालता आली होती. ती धावत खाटेपाशी गेली, मुलाच्या कपाळावरचा हात बाजूला केला आणि थांबली.

"ह्यो माझो न्हय," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. सुटका म्हणावी तर ती एका श्वासापुरतीच होती. लगेच तिने वाकून पुन्हा पाहिलं, आणि ओळख पटली. मुलाचा मित्र. दोन वाड्या पलीकडचा, घरी येऊन जेवून जाणारा. तिने त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. आणि तो "हो" म्हणाला. इतका वेळ आम्ही सगळे जो प्रतिसाद शोधत होतो, तो एका हाकेवर आला.

मग ती वळून मला म्हणाली, "तेच्या आवशीक कोणी कळवल्यान काय?"

कोणी कळवलं नव्हतं. साडेसात वाजून गेल्यापासून नऊपर्यंत त्या मुलाची आई गुडघाभर चिखलात लावणी करत होती आणि तिच्या जागी दुसरीच बाई घाबरत होती. तिच्याकडे फोन नव्हता. शेजाऱ्यांना फोन करून निरोप गेला, मुलाचे मामा तिला दुचाकीवर घेऊन आले. ती आल्या आल्या पहिलं वाक्य बोलली ते असं, की याला लहानपणापासून फिट येते, गोळ्या चालू आहेत, पण बरं वाटतंय म्हणून पंधरा दिवस घेतल्या नाहीत. डॉक्टरांनी जुना कागद पाहिला, मुलाला पुन्हा तपासलं, त्याच्याशी बोलल्या. आता तो नीट उत्तरं देत होता. ओरोसला पाठवायचं रद्द झालं. चार टाके घातले आणि रात्रभर तिथेच ठेवला. १०८ ची गाडी दारात येऊन रिकामी परत गेली. त्या वेळात तिची कुठे दुसरीकडे गरज होती का, हे मला माहीत नाही. त्याचा विचार मात्र मी अनेकदा केला आहे.

झालं होतं ते साधं होतं. पासवाला मुलगा काही दिवस चुलतभावाच्या मोटारसायकलवरून कॉलेजला जात होता. त्या दिवशी पास घरी पडून राहणार. मित्र देवगडला गॅरेजमध्ये कामाला, पगार महिनाअखेर, एका वेळचं तिकीट ४० रुपयांच्या आसपास. "माझो पास ने," एवढंच. आधीही पाच-सहा वेळा झालं होतं. दुपारी पासवाला धावत रुग्णालयात आला आणि मला म्हणाला, "मियां दिलंय पास. तेचो काय दोष नाय." खाटेवरचा म्हणाला, मीच मागून घेतला. दोघंही दुसऱ्याला वाचवायला बघत होते. माझ्या १९ वर्षांत पास पकडल्यावर असं भांडण मी पाहिलं नव्हतं.

पासवाल्याच्या वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. पैसे आम्ही भरलेत, एका पासावर एकच माणूस बसला, एसटीचं काय गेलं? मित्राला मदत केली, चोरी नाही. मला ते ऐकून राग आला नाही, कारण बहुतेक लोकांना असंच वाटतं. पण पैसे त्यांनी पूर्ण भरलेले नसतात. विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे घरातून जातं ते एक तृतीयांश, उरलेलं शासन सोसतं. ते त्या मुलाच्या शिक्षणासाठी, त्याच्या नावावर. बारावीपर्यंतच्या मुलींना तर काहीच भरावं लागत नाही. त्याच गाडीत आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी माणूस बसला होता, त्याने पूर्ण तिकीट काढलं होतं. तो काही गॅरेजमधल्या पोराहून श्रीमंत नव्हता. त्याला पास देणारा मित्र नव्हता, एवढाच फरक. मला वाटतं अन्याय असेल तर तो इथे आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण तो तक्रार करत नाही.

माझा मेव्हणा चिपळूणहून रत्नागिरीला रेल्वेने महिन्याच्या पासावर जातो. त्याच्याशी बोलताना कळलं की रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात कलम १४२ आहे. आपला सीझन पास दुसऱ्याला प्रवासासाठी देणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वापरणाऱ्याचा पास जातो आणि तो विनातिकीट धरला जातो. म्हणजे कायदा देणाऱ्यालाही सोडत नाही. पूर्वी मला हे कडक वाटलं असतं. त्या आईला बिनचपलीची धावत येताना पाहिल्यापासून वाटत नाही. मित्राला ४० रुपये उसने दिले असते तर फक्त ४० रुपये गेले असते. पासाबरोबर त्या मुलाने आपलं नाव दिलं, आईचा नंबर दिला, आपली तब्येत दिली, आणि त्याच्या बदल्यात मित्राची स्वतःची सगळी ओळख काढून घेतली. हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या वयात मलाही माहीत नसतं.

पण मला माहीत असायला हवं होतं. पास बघणं म्हणजे तारीख बघणं नव्हे. ओळखपत्र पासाबरोबर ठेवायला लावतात ते याचसाठी.

संध्याकाळी अहवाल लिहायला बसलो. पास ताब्यात घेतल्याचं लिहिलं, वापरणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नाव लिहिलं. मग लिहिलं: वाहकाने चढताना ओळखपत्राची चेहऱ्याशी खातरजमा केली नाही. शेजारी बसलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, हे कशाला स्वतःहून लिहितोस, कोणी विचारलंय? त्याला माझं भलंच हवं होतं. पण दोन पोरांची नावं कागदावर घालून माझं बाहेर ठेवलं असतं, तर मी त्या गाडीत पुन्हा कोणाकडे पास मागू शकलो नसतो. मला मेमो आला. त्याला उत्तर दिलं, जे घडलं तेच लिहिलं.

पासाची मुदत संपायला नऊ दिवस बाकी होते, ते गेले. मित्राला भाडं आणि वर दंड भरावा लागला. ते पैसे पासवाल्याच्या आईने स्वतः आणून दिले. मी म्हटलं, काकी, हे त्याचे आहेत, तुमचे नाहीत. ती म्हणाली, माझ्या मुलानेच त्याला गाडीत बसवला. यावर मी काही बोललो नाही, पावती केली. ती बरोबर होती की मी, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

सुकं विकणाऱ्या त्या म्हातारीची मी दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. तिने हात हलवून विषय झटकला आणि मुलगा कसा आहे ते विचारलं.

गणपतीच्या आठवडाभर आधी दोघं एकाच फाट्यावर चढले. पासवाल्याने नवीन पास उघडून धरला आणि न सांगता टोपी मागे केली. दुसऱ्याने पन्नासची नोट पुढे केली. भुवईवर टाक्यांची रेघ अजून लालसर होती. मी त्याला गोळ्या चालू आहेत का विचारलं, त्याने खिशातून पाकीट काढून दाखवलं. त्यात एक कागद घडी करून ठेवलेला होता, आईच्या शेजाऱ्यांचा नंबर लिहिलेला.

तिकिटाला नाव लागत नाही. तरी मी त्याचं नाव विचारलं. त्याने आधी स्वतःचं सांगितलं, मग आईचंही. मग मी मशीन हातात घेतलं आणि कुठे उतरायचं ते विचारलं.