आमची वाटचाल: भिंत, दार आणि सरांचं तळघर

१९९८ च्या दसऱ्याला मी सुपरवायझरची नोकरी सोडून वॉटरप्रूफिंगचा धंदा सुरू केला. माहितीपत्रकासाठी मुलीने दोन परिच्छेद मागितले होते: स्थापना, अनुभव, केलेली कामं. कामांची यादी शेवटच्या पानावर आहेच, ज्यांना हवी त्यांनी ती बघावी. मला एका खोलीबद्दल लिहायचंय. त्या खोलीपायी आमचा धंदा बुडता बुडता राहिला, आणि तिच्याबद्दल बाजारात जे बोललं गेलं ते अजून पुरतं पुसलं गेलेलं नाही.

सुरुवातीचं भांडवल म्हणजे एक स्कूटर, ग्राउटिंगचा, म्हणजे भेगांत दाबाने सिमेंटची रबडी भरायचा, एक जुना हातपंप आणि मिस्त्री. मिस्त्री शिरोळ तालुक्यातले. नोकरीत ते माझ्या हाताखाली होते. मी बाहेर पडतोय म्हटल्यावर थापी, ओळंबा नि गुण्या पिशवीत घालून माझ्याबरोबर निघाले. कागदावर भागीदार कधी झाले नाहीत, मी दोनदा विचारलं तरी नाही. पण कुठल्याही साइटवर शेवटचा शब्द त्यांचाच असायचा.

तो हातपंप आजही चालू आहे. वर सिमेंटच्या पाण्याची टाकी, बाजूला लोखंडी दांडा, पुढे दाबाचं घड्याळ आणि रबरी नळीला नोझल. एकाने रबडी ढवळत राहायची आणि दुसऱ्याने दांडा मारायचा. काटा दोन किलोच्या आसपास ठेवून मिस्त्री तासन् तास दांडा मारत. त्यांची नजर मात्र घड्याळावर नसायची. भेग भरत आली की दांडा हाताला जड लागतो, आणि भिंतीमागे पोकळी असेल तर तो उगाच हलका जातो, हे त्यांना हातालाच कळायचं. पुढे मी मोटरचं मशीन घेतलं. मोठ्या कामाला तेच लागतं. पण जुन्या बांधकामात पहिली दहा नोझल हातपंपानेच भरायची, हा आमचा नियम आहे. नव्या मुलांनीही तो पाळावा. मशीन दाब देतं, भिंत आतून कशी आहे ते सांगत नाही.

पुढची बारा-तेरा वर्षं गच्च्या केल्या, टाक्या केल्या, ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा थर, केला. पैसे वेळेवर मिळाले, घर झालं.

२०११ च्या उन्हाळ्यात सरांचा फोन आला. सर शाळेत खेळाचे शिक्षक होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. पुण्यात सहकारनगरच्या बाजूला, आंबिल ओढ्यापासून थोड्याच अंतरावर त्यांचा वडिलोपार्जित बंगला. खाली आठ फूट खोल तळघर. एका बंद पडलेल्या क्लबातून त्यांनी बारा फुटी स्नूकरचं टेबल घेऊन ठेवलं होतं. शिवाय टेबल टेनिसचं एक टेबल आणि चार कॅरम बोर्ड. संध्याकाळी वस्तीतल्या मुलांनी यावं, खेळावं, फी काही नाही, एवढीच त्यांची इच्छा. सर म्हणाले, "हे बघ, बिलियर्ड्सचा विश्वविजेता विल्सन जोन्स पुण्यातच जन्मला. १९५८ साली त्याने जग जिंकलं, आणि आपल्या पोरांना स्टिक हातात धरायला जागा नाही."

तळघराची अवस्था वाईट होती. पावसाळ्यात भिंती घामेजायच्या, फरशीच्या सांध्यांतून पाणी डोकवायचं. या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पण घरमालकांसाठी सांगतो: जमीन पाण्याने तुडुंब भरली की आठ फूट खोल भिंतीच्या पायथ्याशी चौरस मीटरला जवळपास अडीच टनांचा दाब येतो. तो आतून रंग फासून थांबत नाही. ट्रीटमेंट दाबाच्या बाजूनेच हवी, म्हणजे मातीच्या बाजूने. ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, की काम कुठल्या बाजूने करणार. उत्तर देताना तो चाचरला तर चहा पाजून परत पाठवा.

आम्ही तीन बाजू पायापर्यंत खणल्या. बाहेरून प्लास्टर केलं, उभ्या शहाबादी फरश्या लावल्या, मागची पोकळी सिमेंटच्या रबडीने भरली. चौथी बाजू शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून होती, तिथे खणणं शक्य नव्हतं. म्हणून आतून फूट फूट अंतरावर पॅकर, म्हणजे नळी जोडायच्या तोट्या, ठोकून पीयू (पॉलियुरेथेन) रसायनाचं ग्राउटिंग केलं. तळाला जुन्या कोब्यावर ट्रीटमेंट करून वर सळईचा नवा स्लॅब टाकला, कारण खालून उचलणारं पाणी वजनानेच दाबून धरावं लागतं. काम चाळीस दिवस चाललं. शेवटच्या दिवशी सरांनी मिस्त्रींच्या हातात स्टिक दिली आणि पहिला फटका त्यांना मारायला लावला.

त्यानंतर सलग आठ पावसाळे ती खोली कोरडी राहिली. स्नूकरचं कापड लोकरीचं असतं. हवेत ओल असली की ते ती पिते आणि बॉल जड पळतो. दर ऑगस्टमध्ये सरांचा फोन यायचा, "बॉल छान पळतोय रे." आमच्या कामाचं मोजमाप एवढंच होतं.

मग २०१९ उजाडलं. ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. शिरोळ तालुका पाण्याखाली गेला, त्यात मिस्त्रींचं घरही. तिथला चिखल काढून ते महिन्याभराने कामावर परतले. आणि २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढा फुटला. कात्रजपासून दत्तवाडीपर्यंत काठच्या घरांत पाणी शिरलं, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या, टांगेवाला कॉलनीत भिंत पडली, माणसं गेली. त्या रात्रीबद्दल बोलताना खेळाच्या टेबलाचं दुःख सांगायला जीभ रेटत नाही. पण माझी गोष्ट तिथूनच जाते.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा तळघरात साडेचार फूट पाणी होतं. टेबल टेनिसचं टेबल फुगून फाटलेलं, कॅरम बोर्ड तरंगत होते. आमच्याच धंद्यातला एक ठेकेदार तिथे आमच्या आधी हजर होता. नाव लिहित नाही. २०११ मध्ये याच कामासाठी त्याने आमच्या निम्म्या दराची बोली दिली होती, आतून काळं कोटिंग मारून दहा वर्षांची गॅरंटी. सरांनी नाकारली होती. आता तो म्हणत होता, दोन मोठे डिझेल पंप लावतो, दुपारपर्यंत तळघर मोकळं करून देतो.

मी नको म्हटलं, आणि आजही प्रत्येकाला तेच सांगतो. बाहेरची जमीन चिंब असते. आतलं पाणी भिंतीला आणि तळाला आतून आधार देत असतं. ते एकदम काढलंत तर बाहेरचा सगळा रेटा रिकाम्या खोलीवर येतो. एक फूट उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. पातळी पुन्हा चढली नाही तर पुढे जा. पलीकडच्या एका इमारतीत एका दिवसात उपसा झाला आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या फरशीला मधोमध पोट आलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. सरांनी माझं ऐकलं. आमचा उपसा पाच दिवस चालला.

त्या पाच दिवसांत त्या माणसाने काय केलं? पाण्याने भरलेल्या तळघराचा फोटो काढला आणि आमच्या नावासकट बिल्डर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "यांचं वॉटरप्रूफिंग." दोन बिल्डरांनी आमची साडेअकरा लाखांची बिलं अडवली. हातातली तीन कामं गेली. केमिकलवाल्याने उधारी बंद केली. टेम्पो विकला, बायकोने पीएफमधून पैसे काढले, आणि दिवाळीत माणसांना बोनसऐवजी फक्त पगार दिला, तोही दोन हप्त्यांत. वीस वर्षांच्या कामाला एक फोटो भारी पडला. मला राग फोटोचा नव्हता. फोटो बघणाऱ्यांपैकी एकानेही फोन करून विचारलं नाही, की पाणी आलं कुठून?

मिस्त्रींनी विचारलं. चौथ्या दिवशी ते भिंतीवरून हात फिरवत पूर्ण खोलीत गोल फिरले आणि म्हणाले, "सायेब, भित्तीतनं थेंब आल्याला न्हाई. दार कुणी बगितलं हुतं?"

दार कुणीच बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पाणी जिन्यावरून उतरलं, अंगणापासून नऊ इंचांवर असलेल्या तीन झरोक्यांतून आलं, आणि त्याहीआधी बेसिनच्या कोपऱ्यातल्या जाळीतून वर उसळलं. त्या जाळीची लाइन ओढ्याच्या बाजूच्या चेंबरला जात होती. ओढा चढला तशी ती उलटी वाहू लागली. भिंतीतलं पाणी थांबवणं हे एक काम आणि पुराचं पाणी अडवणं हे दुसरं, आणि २०११ मध्ये मी सरांना यातलं एकच सांगितलं होतं. ती चूक माझी, आणि ती मी मान्य करतो.

पण हे सिद्ध कसं करायचं? ते सरांनी केलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्येही पाऊस हटला नव्हता, जमीन ओलीगच्च होती. तीन आठवडे पंखे लावून खोली वाळवल्यावर सरांनी कॅरमच्या पावडरीचा डबा आणला. गुडघे दुखत असताना खाली बसून भिंत आणि फरशीच्या सांध्यावर चारही बाजूंनी बोटभर रुंद पांढरी रेघ ओढली. रांगोळी घालावी इतकी सरळ. जाळीभोवतीही एक गोल काढला. मग कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. मध्ये दोन रात्री दणकून पाऊस झाला. चौथ्या दिवशी दार उघडलं तर भिंतीकडची पावडर फुंकरीने उडत होती. जाळीभोवती मात्र तिचा लगदा झाला होता.

सरांनी स्वतःच्या अक्षरात तीन पानी पत्र लिहिलं, कुठून किती पाणी आलं त्याचा नकाशा काढला, आणि दोन्ही बिल्डरांच्या ऑफिसात माझ्याबरोबर आले. एका ठिकाणी आम्हाला पाऊण तास बाहेर बसवलं. सर बसले. पहिल्या बिल्डरने जानेवारीत पैसे दिले. दुसऱ्याने आजपर्यंत निम्मेच दिलेत. ज्याने फोटो टाकला त्याने चूक झाली असं एका शब्दाने कधी म्हटलं नाही.

नंतर दाराचं काम निघालं. मी पोलादी फाटकाचा भाव काढत होतो, तेव्हा मिस्त्री म्हणाले, बंधाऱ्याला बरगे घालतात तसे घालू. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल. खांबांच्या खाचांत लाकडी बरगे एकावर एक बसवतात, दोन ओळींच्या मध्ये माती भरतात, आणि पावसाळ्याआधी बरगे काढून घेतात. आपल्याकडे उलट, पावसाळ्याआधी घालायचे. जिन्याच्या तोंडाशी दोन्हीकडे लोखंडी चॅनेल गाडले. त्यात सागवानाचे नऊ इंची चार बरगे, दोन इंच जाड, प्रत्येकाच्या खालच्या कडेला रबर. मातीची गरज उरली नाही. तीन फूट पाणी उभं राहिलं तर चार फुटी दारावर जवळपास ५०० किलोचा रेटा येतो, म्हणून चॅनेल नुसते स्क्रूवर न लावता काँक्रीटमध्ये बसवले. जिन्याभोवती आणि झरोक्यांभोवती तीन फूट उंच भिंत उचलली. मिस्त्रींनी बरग्यांवर डांबरी रंगाने १, २, ३, ४ असे आकडे घातले, घाईत कुणी उलटसुलट बसवू नये म्हणून.

जाळीच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवला. कोपऱ्यात दोन बाय दोनचा, तीन फूट खोल खड्डा, त्यात फ्लोटचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा, पंप, आणि पंपाला बॅटरी. पुरात वीज आधी जाते, त्यामुळे बॅटरीशिवाय पंप बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. बाहेर सोडणारा पाइप आधी पुराच्या खुणेच्या वर न्यायचा आणि मग वळवायचा. बोर्ड आणि सॉकेट छातीच्या वर घ्यायचे. दर महिन्याला खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पंप आपणहून चालू होतो का ते बघायचं. हे कुणी करत नाही. कृपा करून करा.

स्नूकरच्या टेबलाचं कापड, कुशन आणि लाकूड गेलं. कापडाखालचे पाटाचे दगड, पावणेदोन इंच जाडीचे पाच तुकडे, तसेच शाबूत होते. ते धुऊन, वाळवून, नव्या सांगाड्यावर पुन्हा लेव्हलला बसवले. तळघराच्या दुरुस्तीचे पैसे आम्ही घेतले नाहीत. सरांनी बरग्यांच्या सागवानाचे मात्र दिलेच.

१७ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री पुण्यात पुन्हा तसाच पाऊस कोसळला, रस्त्यांचे ओढे झाले. साडेदहाला सरांचा फोन आला, "पोरांनी बरगे घातलेत. तू येऊ नकोस, रस्ता धड नाही." मी रात्रभर जागा. पहाटे पोचलो तर सर पायरीवर टॉर्च घेऊन बसलेले. अंगणातलं पाणी ओसरलं होतं. पहिला बरगा पूर्ण भिजलेला, दुसऱ्यावर अर्ध्यापर्यंत चिखलाची रेघ. खाली खड्ड्यात वीतभर पाणी आणि पंप मध्येच घुरघुरून बंद होत होता. खोली कोरडी.

मिस्त्री आता गावाकडे असतात. दर मे महिन्यात मी सरांकडे जातो, चॅनेलला ग्रीस लावतो, कडक झालेलं रबर बदलतो. जुन्या बरग्यांना नवं डांबर द्यायचं झालं तर आकडे मिस्त्रींच्याच वळणाने गिरवायचे, अशी सरांची ताकीद आहे. ३ आणि ४ नंबरच्या बरग्यांना अजून पाणी लागलेलं नाही.