स्टेजच्या चार पायऱ्या

१६ डिसेंबरचा विजय दिवस जवळ आला की लालबागच्या आमच्या चाळीत मंडळाची पोरं दारात हजर. "आबा, यंदाही यायचंय हां!"

१९७१ च्या लढाईत शकरगडला आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा पाय सुरुंगावर पडला. गुडघ्याखाली काही उरलं नाही. ट्रंकेत पदक आहे. त्याला हल्ली पराक्रम पदक म्हणतात, आबा मात्र अजून 'वुंड मेडल'च म्हणतात.

सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ, फोटो. आईने कितीक शाली गोधड्यांत घातल्या, तरी कपाटात आठ आहेत. एका वर्षी निवेदकाने भावनेच्या भरात आबांना 'शहीद' करून टाकलं. आबा खुर्चीतून ओरडले, "हजर आहे!"

मला खुपतात त्या स्टेजच्या पायऱ्या. चारच, पण प्रत्येकीची उंची वेगळी आणि कठडा नाही. नकली पायाला खाली काय आहे ते कळत नाही, डोळ्यांनी बघून टाकावा लागतो. आई मागून बखोट धरून त्यांना वर पोचवते आणि खाली येऊन उभी राहते. एकाही फोटोत ती नाही.

स्टंपवरचे, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकावरचे, मोजे रोज रात्री तीच धुते. घाम राहिला तर कातडी सोलते. पावसाळ्यात ते गॅसजवळ दोरीवर वाळतात, पाहुणे आले की पटकन आत. पाय सैल झाला की डबा बांधून दादरहून एसटीने पुणं, आर्टिफिशियल लिंब सेंटर. तिथल्या बाकांवर तिचा जन्म गेला असं ती म्हणते. जरा वाढवूनच सांगते, पण फार नाही.

मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकलं, आणि पद्मश्री मिळाली २०१८ साली. ती बातमी ऐकून आबा एवढंच म्हणाले, "सेहेचाळीस वर्षं."

यंदा मी मंडळाच्या सेक्रेटरीला आधीच सांगून ठेवलं, आईलाही पुकारा. निवेदकाने माइकवर हात ठेवून खाली वाकून विचारलं, "काकूंचं नाव काय हो?" चाळीस वर्षं एकाच मजल्यावर राहतो आम्ही. शेजारचे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी तिसऱ्या पायरीवरून आबांनीच तिचं नाव मोठ्याने सांगितलं.

आई खालून करवादली, "आधी पायाकडे बघा!"